गुलाबाच्या दिवसांत डबा वाजवू नये

या जगात मी सगळ्यात जास्त कुणाचं देणं लागत असेन तर ते हलीमाफुफूचं. अब्बा गेले तेव्हा मी पाचवीत होतो. फुफू त्यांची थोरली, एकटी राहणारी बहीण. तिने मला हाताला धरून श्रीवर्धनला आपल्या घरी आणलं आणि दुसऱ्या दिवशी शाळेत नेऊन बसवलं. ती लोकांच्या वाड्यांत सुपारी सोलायला जायची. ओल्या सुपारीच्या चिकाने तिची बोटं काळी पडलेली असत. ईदच्या मेंदीखालूनही तो काळा रंग दिसायचा. त्या कमाईवर तिने मला बी.एस्सी. केलं. माझ्या पुस्तकांवरून ती स्वतःही वाचायला शिकली, शब्दाखाली बोट धरून, ओठ हलवत. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिला. निकालाच्या दिवशी तिने अख्ख्या मोहल्ल्यात शिरकुर्मा वाटला, ईद दोन महिने लांब असताना.

आणि तरीही दर वर्षी सौदीतल्या ताइफच्या डोंगरावर गुलाब फुलायला लागले की मला आठवतो तो मोसम, ज्यात मी तिचं म्हणणं मोडलं.

यंदाही कळ्या धरल्या आहेत. पहाटे खोलीचं दार उघडलं की आधी थंडी आत येते, मग वास. तो अत्तराच्या कुपीतला वास नसतो. त्यात ओली माती असते, शेणखत असतं, अरअरच्या, म्हणजे इथल्या जुनिपरच्या, झाडांचा राळेसारखा कडवट दर्प असतो, आणि या सगळ्याच्या वर कुठेतरी तरंगत गुलाब. सूर्य वर येण्याआधी फुलं खुडायची, कारण ऊन लागलं की त्यांच्यातलं तेल उडून जातं. कमरेला कापडाची झोळी बांधून माणसं धुक्यात शिरतात. दिसत कुणीच नाही, नुसतं देठ तुटल्याचं टक्‌ टक्‌ ऐकू येतं. पाण्याच्या टाकीवर वाकलेल्या बाभळीत सुगरणींचा कलकलाट सुरू होतो, आणि गुलाबपाणी काढायच्या तांब्याच्या देगेखाली पहिला जाळ लागतो. इथल्या बोलीत याला मज्रा म्हणतात, म्हणजे मळा. डोंगराच्या उतारावर दगडी बांध घालून केलेल्या पायऱ्या आहेत, त्यांवर गुलाब, डाळिंब, बदाम, आणि वरच्या अंगाला पाहुण्यांसाठी बांधलेल्या दगडी खोल्या.

मी इथला नव्हतो. मी होतो खाली, राबिघला. तिथे समुद्र सपाट, जमीन सपाट, आणि रिफायनरीच्या चिमणीवरची ज्योत दिवसाही पेटलेली. एका कंत्राटदार कंपनीत मी टाइमकीपर होतो. कामगारांच्या हजेऱ्या, गेटपास, इकाम्याच्या, म्हणजे राहण्याच्या परवान्याच्या, तारखा बघायच्या. वातानुकूलित खोली, फिरती खुर्ची, गळ्यात ओळखपत्र. त्या खुर्चीत बसलेला माझा फोटो फुफूने भिंतीवर लावला होता.

मग सौदीकरण आलं. म्हणजे आधीपासून होतंच, पण ते आमच्या खोलीपर्यंत पोहोचलं. आधी रिसेप्शनची खुर्ची बदलली, मग टायपिस्टची, मग माझी. कॅम्पमध्ये लोक कडू बोलायचे. मला तसं बोलवत नव्हतं. माझ्या जागी आलेला मुलगा पहिल्या दिवशी इस्त्रीचा पांढरा थोब घालून आला होता आणि त्याचे वडील त्याला गेटपर्यंत सोडायला आले होते. त्यांचा देश, त्यांची नोकरी, त्यांचा मुलगा. श्रीवर्धनच्या पोस्टात बाहेरगावचा माणूस लागला तर आम्ही तरी कुठे गप्प बसतो.

पण माझं काय, हा प्रश्न होताच. एकतर खुरूज, म्हणजे कायमचं घरी जाणं, नाहीतर दुसरा कफील, म्हणजे व्हिसा देणारा मालक, शोधणं. कंपनीतून निवृत्त झालेले अबू नासर त्या दिवसांत हिशेब मिटवायला ऑफिसात आले होते. माझी व्यवस्थित कामं त्यांना माहीत होती. ते म्हणाले, "वर ताइफजवळ, शाफ्याला माझ्या वडिलांचा मज्रा आहे. पाहुणे येतात, जनावरं आहेत, झाडं आहेत. तू झाडा-प्राण्यांचंच शिकलास ना?"

"होय."

"मग ये. पण माझ्याकडे एकच व्हिसा शिल्लक आहे. आमिल मज्रा."

शेतमजूर. ते तोंडावर सांगून मोकळे झाले, ही त्यांची रीत. "गुलाब संपेपर्यंत राहून बघ," ते म्हणाले. "मग सांग. कागद तेवढे दिवस थांबेल."

पाहुण्यांना मळा दाखवायचं काम त्यांच्या पुतण्याकडे, माजिदकडे होतं. गाइडची कामंही आता इथल्याच मुलांसाठी राखीव होती, आणि माजिदकडे त्याचं रीतसर लायसन्स होतं. तोही ग्रॅज्युएट, तोही त्याच्या घरातला पहिला. आमचं लवकरच जमलं: बोलायचं माजिदने, दाखवायचं मी. तो पाहुण्यांना आजोबांच्या गोष्टी सांगत पुढे चालायचा, आणि मी मागून हळूच बोट करायचो, तिकडे बघा.

बघण्यासारखं किती होतं. कॉलेजात मी सरडा पाहिला होता तो बाटलीतला, फॉर्मलिनमध्ये रंग उडालेला, पोटावर चिठ्ठी चिकटवलेला. शाफ्याच्या दगडांवर सकाळी एक मळकट सरडा येऊन बसायचा, आणि ऊन चढेल तसं त्याचं डोकं निळं होत जायचं, मग गळा, मग पुढचे पाय, शाईच्या दौतीत कुणी हळूहळू बुडवावं तसं. मी तासभर बसून बघायचो. परीक्षेत त्याच्या हाडांची आकृती काढून मी चांगले मार्क मिळवले होते. हा निळा रंग कुठल्या प्रश्नात आला नव्हता. कड्यावर साळुंकीच्या जातीचे काळेभोर पक्षी शीळ घालायचे. पंख उघडला की आत नारिंगी ठिपका पेटायचा. एकदा बांधावर तुरेवाला पक्षी उतरला. माजिद म्हणाला, "हुदहुद." मीही त्याच वेळी म्हणालो, "हुदहुद." सुलेमान पैगंबराच्या गोष्टीतला हा पक्षी आम्हा दोघांनाही लहानपणापासून ठाऊक होता.

आणि बबून. पहिल्याच सकाळी त्यांनी माझी फजिती केली ती अजून या डोंगरावर सांगितली जाते.

मी तोंड धूत होतो. वरच्या पायरीच्या बांधावर एक मोठा नर येऊन बसला, खांद्यावर करड्या केसांची शाल घेतल्यासारखा. त्याच्या मागे माद्या, पाठीवर पिल्लं. कोकणातल्या माणसाला अशा वेळी विचार करावा लागत नाही. आंब्याच्या बागेत वानर दिसलं की पत्र्याचा डबा बडवायचा, हे हाताला पाठ असतं. स्वयंपाकघराच्या भिंतीला एक तुपाचा रिकामा डबा टांगलेला होता, शेजारी लोखंडी पळीही होती. मी तो काढला आणि होऽ होऽ करत बडवायला लागलो.

क्षणभर सगळं थांबलं. मग कड्याच्या वरून, अरअरच्या झाडांतून, ओढ्यातून, जिथे मला एकही जनावर दिसलं नव्हतं तिथून, अख्खा कळप धावत सुटला. लांब नव्हे, माझ्याकडे. मी डबा टाकून न्हाणीघरात शिरलो आणि आतून कडी लावली.

बाहेर माजिद हसून हसून जमिनीवर बसला होता. झालं होतं असं की माझ्या आधी जो कामगार होता तो पाहुण्यांची करमणूक म्हणून रोज सकाळी हाच डबा वाजवायचा आणि शिळे खुबूस, म्हणजे इथल्या रोट्या, टाकायचा. डबा म्हणजे त्यांची नाश्त्याची घंटा.

"तू त्यांना दावत दिलीस," माजिद दाराबाहेरून म्हणाला, "आणि स्वतःच लपून बसलास. यजमान असं करतो का, ए शेख?"

तेव्हापासून मी शेख-अल-गुरूद झालो, माकडांचा शेख. नाव अजून टिकून आहे.

पण हसणं संपल्यावर अबू नासरनी मला वरच्या पायऱ्या दाखवल्या. फुकटचं खायला खाली आलेला कळप परत जाताना गुलाबाची झाडं ओरबाडत जायचा. पुढच्या डोंगरावर एका मळेवाल्याने वैतागून विष घातलं होतं. अबू नासरना ते करायचं नव्हतं. "जनावर आपला शत्रू नाही," ते म्हणाले. "आपणच त्याला भिकारी केलं. तू शिकलेला आहेस, यावर काही करता येईल?"

तुला काही करता येईल का, असं मला राबिघमध्ये कुणी विचारलं नव्हतं. हजेऱ्या वेळेवर लागल्या का, एवढंच विचारायचे.

तो सगळा मोसम मी बांधावर बसून काढला. डबा भिंतीवरून उतरवून कोठारात टाकला. उरलेलं अन्न खड्ड्यात पुरायचं, खुबूस कुलपात. पाहुण्यांना माजिदने पहिल्याच चहाबरोबर सांगायचं की काही टाकायचं नाही. आणि पहाटे मी बांधावर जाऊन बसायचो, हातात नुसती काठी. कळप यायचा, रेशनच्या दुकानापुढे रांग लावावी तसा बसायचा. मोठा नर माझ्याकडे बघून जांभई द्यायचा, सुळे दाखवत. मी जागचा हलायचो नाही. खायला नाही, मारही नाही. पिल्लं आधी कंटाळली. मग माद्या उतारावर जाऊन कंद उकरायला लागल्या. मग एका सकाळी ते आलेच नाहीत. दूर कड्यावर अरअरच्या फळांशी त्यांची भांडणं चाललेली ऐकू आली, आणि मी त्या बांधावर एकटाच मोठ्याने हसलो. फुलं खुडणाऱ्यांना वाटलं, शेखचं डोकं फिरलं.

मोसम शेवटाकडे आला असताना जेद्दाहून एक कुटुंब दोन दिवस राहायला आलं. परकारसाहेब, त्यांची बीवी आणि दोन मुलं. साहेबांचं एसीच्या सामानाचं मोठं दुकान. माझ्याशी ते हिंदीत बोलले, मीही हिंदीत. मुलं गोड होती. धाकटी मला सारखी विचारायची, "अंकल, ये काटता है क्या?" सरड्याबद्दल, भुंग्याबद्दल, एकदा तर गुलाबाबद्दल.

"हां, ये काटता है," मी गुलाबाचा काटा दाखवला. ती खुश झाली.

दुसऱ्या सकाळी मी आणि माजिद खालच्या पायरीवर पाट दुरुस्त करत होतो. कळप त्या दिवशी नुसताच कड्यावरून जात होता. आणि वरून आवाज आला. डब्याचा. पाठोपाठ होऽ होऽ, अगदी आमच्या आंब्याच्या बागेतल्यासारखं.

माजिदने माझ्याकडे पाहिलं. मी पळत सुटलो.

वर पोहोचलो तेव्हा साहेब अंगणात उभे होते, कोठारातून शोधून काढलेला तोच डबा घेऊन, आणि कळप चारी बाजूंनी उतरत होता. नाश्त्याच्या टेबलावर मोठा नर बसला होता, दोन्ही हातांत खुबूस. बायको मुलांना घेऊन दाराशी उभी. "अहो, पुरे," ती मराठीत म्हणत होती. "जास्तच येतायत."

"तू थांब. आपल्याला माकडं नवी नाहीत." साहेब आणखी जोराने बडवायला लागले.

"डबा द्या, साहेब," मी म्हणालो. मराठीत. घाईत तीच तोंडात आली.

"वाजवल्याशिवाय जातील का?"

"वाजवल्यामुळेच आलीत."

ते थांबेनात. मी त्यांच्या हातातून डबा ओढून घेतला. सगळ्यांना आत घातलं, दार लावलं आणि अंगणात उभा राहिलो, महिनाभर बसलो होतो तसा. टेबलावरचं संपेपर्यंत कळप होता. जाताना वरच्या पायरीवरची झाडं मोडून गेला. कळ्या मातीत पडल्या होत्या, अर्धवट चावलेल्या.

चहाच्या वेळी साहेबांनी मला बोलावलं. आता मराठीत.

"कुठला रे तू?"

"श्रीवर्धन."

"कुणाचा?"

"हलीमाबाईंचा भाचा. सुपारीच्या वाडीवर असतात त्या."

"अरे, तो ग्रॅज्युएट?" त्यांनी कप खाली ठेवला. माझी ख्याती खाडीपलीकडे त्यांच्या गावापर्यंत होती, हे मला माहीत नव्हतं. "आणि इथे? इकाम्यावर काय लिहिलंय?"

"अजून लिहिलं नाही. आमिल लिहितील."

"म्हणजे गडी." त्यांनी बायकोकडे पाहिलं, आणि मान हलवली. त्या हलण्यात राग नव्हता. कीव होती, आणि ती मला डब्याच्या आवाजापेक्षा जास्त लागली. "एवढं शिकून काय मिळवलंस मग?"

"अहो, जाऊ दे ना," बीवी म्हणाल्या. "मुलांना तर यांनी किती दाखवलं."

मी पुढे झालो. कप उचलले आणि आत गेलो. कीव करणाऱ्याशी वाद घातला की तो आणखी कीव करतो.

जाताना साहेबांनी अबू नासरकडे माझी तक्रार केली. संध्याकाळी अबू नासर मला म्हणाले, "पाहुणा म्हणतो, तू त्याच्या हातातून डबा ओढलास."

"ओढला."

"त्याला दुखलं?"

"हाताला नाही."

ते मिशीत हसले. "उद्या ती झाडं छाटून घे," म्हणाले. तेवढंच.

पण बातमी माझ्याआधी श्रीवर्धनला पोहोचली. फुफूचा फोन आला तेव्हा मी देगेजवळ होतो, गुलाबपाणी थेंब थेंब पडत होतं.

"कोण म्हणतं तू मजूर झालास?"

"फुफू, ऐक—"

"मी नाही ऐकत, तू ऐक. परकारांच्या भावजयीने भर बाजारात मला सांगितलं. तुमचा शिकलेला पोरगा फुलं खुडतो, माकडं हाकतो. बायका बघत होत्या रे."

"फुलं खुडणं वाईट आहे का?"

"माझ्यासाठी नाही. तुझ्यासाठी आहे. मी काय उगाच मान मोडून सोलत बसले? हायस्कुलात क्लार्कची जागा भरतायत. मी बोलून ठेवलंय. खुरूज घे आणि ये. आलास की फोटो काढ खुर्चीतला." मग तिचा आवाज बारीक झाला. "बाबा, माझं एवढं ऐक."

फोन ठेवून मी देगेखालचा जाळ सारखा केला. फुफूला नाही म्हणणं मला येत नव्हतं. आयुष्यात तशी वेळच आली नव्हती, कारण ती सांगायची ते माझ्या भल्याचं असायचं, आणि मला ते कळायचं. हेही तिने भल्यासाठीच सांगितलं होतं. म्हणूनच अवघड होतं.

पण त्या दिवशी देगेसमोर माझ्या मनात जे उठलं ते आज लिहायला मला संकोच नाही. लहानपणी फुफूला कुणी मजूरबाई म्हटलं की माझं डोकं तापायचं. शब्दात काही नव्हतं, ती मजुरीच करायची. म्हणणाऱ्याच्या सुरात होतं. त्याच सुराला मी आता का भ्यावं? मला ज्या शिक्षणाने तो सूर ओळखायला शिकवलं, त्याचंच नाव घेऊन मी तोच सूर माझ्या सोबत्यांवर लावायचा? धुक्यात फुलं खुडणाऱ्या येमेनी, बंगाली माणसांच्या शेजारी मी रोज उभा राहत होतो. त्यांच्या कार्डावरचा शब्द माझ्या कार्डावर आला तर मी विटाळतो, असं म्हणायचं? राबिघच्या खुर्चीत मी हजेऱ्या लावत होतो, आणि त्या माझ्या जागी दुसरं कुणीही लावू शकत होतं. इथे एक रानटी कळप आपल्या अन्नाकडे परत गेला होता, मी बांधावर बसलो म्हणून. एवढं शिकून काय मिळवलंस? हे मिळवलं. साहेबांना सांगायचं राहिलं, म्हणून इथे लिहितो.

दुसऱ्या दिवशी मी छाटणी संपवली, हात धुतले आणि अबू नासरच्या मजलिसीत, म्हणजे बैठकीच्या खोलीत, गेलो. कागद त्यांच्या उशीखालीच होता. त्यांनी विचारलं, "घरी विचारलंस?"

"नाही."

"मग थांब, विचार."

"विचारलं तर नाही म्हणतील."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, पेन पुढे केलं. माजिद दारात उभा होता. सही झाल्यावर तो एवढंच म्हणाला, "खलास, ए शेख. आता पळून जाता येणार नाही."

फोनवर फुफूला काही सांगणं शक्य नाही. मधेच तोडल्याशिवाय तिने आजवर कुणाचं वाक्य ऐकलेलं नाही. पण कागद ती शेवटपर्यंत वाचते, शब्दाखाली बोट धरून. म्हणून रजेवर निघालेल्या एका गाववाल्याकडे पत्र दिलं. त्याची नक्कल मी ठेवली आहे. ती अशी:

प्रिय हलीमाफुफू,

अस्सलाम अलैकुम. परकारांच्या भावजयीने बाजारात सांगितलं ते खरं आहे. फक्त तिने थोडं कमी सांगितलं. मी फुलं खुडतो, माकडं हाकतो, झाडं छाटतो, पाट काढतो, आणि पाहुण्यांच्या मुलांना या डोंगरावर कोण कोण राहतं ते दाखवतो. कुठल्या अळीचं कुठलं फुलपाखरू होतं हे मला विचारतात आणि मला सांगता येतं.

क्लार्कच्या जागेसाठी तू शब्द टाकलास. तिथे जाऊन माझं नाव काढून घे. मला माहीत आहे, तुला ते किती जड जाईल. मी सही केली आहे. तुला विचारलं नाही, कारण तू नको म्हणाली असतीस आणि मग मला परत यावं लागलं असतं. तुला न विचारता केलेली ही माझी पहिली गोष्ट. चुकली तर माझी, तुझ्या माथी नाही.

तू मला शिकवलंस म्हणून मी तुझं सगळं ऐकायचं, असं मी आजवर धरून चाललो. आता मला वाटतं, तू मला शिकवलंस म्हणूनच मला हे एक ऐकता येत नाही. रागावशील. रागाव. पण जेवण सोडू नकोस.

हा डोंगर मक्केच्या वाटेवरून फार लांब नाही. तुझ्या उमऱ्याचं बघतोय. तो झाला की मी तुला इथे घेऊन येईन. पाहुण्यांच्या खोलीत उतरायचं, माझ्या खोलीत नाही. अबू नासरना सांगून ठेवलंय. ते म्हणाले, तिला म्हणावं, शिव्या द्यायच्या असतील तरी आधी कहवा पिऊन दे.

तोवर एकच काम कर. बाजारात पुन्हा कुणी विचारलं, पोरगा काय करतो, तर पदर सावरून पुढे जाऊ नकोस. तिथेच उभी राहा. सांग, मळ्यावर मजूर आहे. सगळ्या बायकांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांग. आणि मग त्यांच्याकडे बघत थांब, त्या नजर खाली घालेपर्यंत.

तुझा,
अन्वर